परक्याचा परवाना

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं लिखित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींकडे मी तीन वर्षं नागरिकशास्त्र शिकलो. बहुतेक शाळांत हा विषय परीक्षेपुरता असतो. गुरुजी वर्गात आले की आधी फळ्यावर एखादी बातमी लिहायचे. एस.टी.चं भाडं वाढलं, पाणीपट्टी वाढली, जत्रेत बाहेरगावच्या दुकानदारांचा कर वाढला. मग खडू खाली ठेवून विचारायचे, ‘हा आकडा ठरला तेव्हा त्या खोलीत कोण होतं? आणि पैसे भरणारा कुठं होता?’

मी पुढं नोकरीसाठी अमेरिकेत गेलो, मिनेसोटा राज्यात स्थिरावलो. २०११च्या मार्च महिन्यात एका संध्याकाळी शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये बसलो असताना गुरुजींचा हा प्रश्न मला लख्ख आठवला. आजचं व्याख्यान त्या संध्याकाळीच सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

हा शेजारी वेल्डर. तो आणि त्याचे दोन भाऊ दर शरद ऋतूत एक जुना ट्रक घेऊन मोंटानात एल्कच्या शिकारीला जायचे. एल्क म्हणजे आपल्या काश्मीरच्या हंगुलचा थोराड चुलतभाऊ. जायला हजार मैलांच्या आसपास. गॅरेजच्या एका कोपऱ्यात पेटीसारखा फ्रीझर होता. त्यात पांढऱ्या कागदात घट्ट बांधलेल्या मांसाच्या पुड्या, प्रत्येकीवर काळ्या शाईनं साल लिहिलेलं. फ्रीझरच्या वर भिंतीला खिळ्यानं टोचलेले कागदाचे टॅग. शिकार झाली की त्या टॅगवर छापलेल्या महिन्याची आणि तारखेची चौकट चाकूनं कापून काढायची आणि टॅग जनावराला बांधायचा, असा तिथला तेव्हाचा नियम. ती खाच पाडल्याशिवाय जनावर जागचं हलवणं गुन्हा ठरे. हे टॅग मी हातात घेऊन पाहिले आहेत. कडा रक्तानं काळपट झालेल्या आणि नोव्हेंबर महिन्याच्या खाली तारखेपुरतं एक भोक.

त्या संध्याकाळी तिघे भाऊ टेबलावर नकाशा न पसरता नुसतेच बसले होते. आदल्या नोव्हेंबरात मोंटानाच्या मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला होता. त्यानुसार परराज्यातल्या शिकाऱ्याचा एल्क-हरिणाचा एकत्रित परवाना ६२८ डॉलरवरून ८९७ डॉलरवर गेला, नुसत्या हरिणाचा ३२८वरून ५२७वर. तिघांचे मिळून ८०७ डॉलर जास्त. वेल्डरच्या घरात ही रक्कम म्हणजे हिवाळ्यातलं घर गरम ठेवण्याचं बिल. शेजारी म्हणाला, ‘मत त्यांनी दिलं, पैसे आम्ही देणार.’ गुरुजी फळ्यापाशी उभे आहेत असं मला वाटलं.

आधी एक सांगून टाकतो. मी शिकारी नाही. बंदूक कधी हातात धरलेली नाही आणि धरावीशी वाटत नाही. आपल्या देशानं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचं दार जवळजवळ बंद केलं आणि ते योग्यच झालं असं माझं मत आहे. पण तिथं शिकार चांगली की वाईट हा आजचा विषय नाही. एखादी गोष्ट सगळ्यांची आहे असं म्हणायचं आणि तिच्या दारावर दराची पाटी लावायची, तर ती पाटी कुणी आणि कशी लिहावी, हा आजचा विषय आहे.

राजाची शिकार आपल्याला ठाऊक आहे. कोल्हापूरकरांना दाजीपूर ठाऊक आहे. आज गव्यांचं अभयारण्य असलेलं ते रान संस्थानाच्या काळात छत्रपतींचं शिकारीचं राखीव जंगल होतं. युरोपातही शतकानुशतकं जंगलातलं हरीण राजाचं किंवा जमीनदाराचं. अटलांटिक ओलांडून गेलेल्या लोकांनी ही रीत टाकून दिली. वन्य प्राणी कुणा एकाच्या मालकीचा नाही, सरकार फक्त लोकांच्या वतीनं त्याचा विश्वस्त आहे, हा विचार तिथं रुजला. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गीअर विरुद्ध कनेटिकट या खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण ‘लोकांच्या वतीनं’ म्हणताना न्यायालयाच्या मनात होते ते त्या त्या राज्याचे लोक. साऱ्या वादाची गाठ या एका शब्दात आहे.

कारण पश्चिमेकडच्या राज्यांत जमीन बव्हंशी राज्याची नाहीच. नेवाडातली सुमारे ८० टक्के, आयडाहोतली ६० टक्क्यांहून जास्त, वायोमिंगमधली निम्म्याच्या जवळपास जमीन केंद्र सरकारची, म्हणजे राष्ट्रीय वनं आणि सार्वजनिक कुरणं. ती मिनेसोटाच्या वेल्डरची जेवढी, तेवढीच मोंटानाच्या शिक्षकाची. दोघांच्याही करातून तिथल्या पायवाटा आणि वणवे विझवणारी पथकं चालतात. त्या जमिनीवर चरणारा एल्क मात्र राज्याच्या अखत्यारीत. जमीन देशाची, जनावर राज्याचं. परका माणूस तिथं तंबू ठोकू शकतो, डोंगर चढू शकतो, फोटो काढू शकतो. शिकारीचा प्रश्न आला की तो पाहुणा होतो आणि पाहुण्याचा दर निराळा.

हा दर किती निराळा असावा, याची पहिली मोठी लढाई मोंटानाच्याच एल्कवरून झाली. १९७६ साली तिथल्या रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळे. परराज्यातल्या माणसाला नुसता एल्कचा परवाना घेताच येत नसे. त्याला एल्क, हरीण, काळं अस्वल, पक्षी आणि मासे असा सगळा एकत्रित परवाना २२५ डॉलरला घ्यावा लागे. रहिवाशानं हेच सगळं घेतलं तर ३० डॉलर. मोंटानातला एक वाटाड्या, ज्याचं पोट परराज्यातल्या शिकाऱ्यांवर चाले, आणि काही मिनेसोटाकर शिकारी न्यायालयात गेले. (माझ्या शेजाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.)

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, तो मोंटानाच्या बाजूनं. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या निकालाचा गाभा असा, की एका राज्यातल्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात समान वागणूक मिळाली पाहिजे, पण ती उपजीविकेसारख्या मूलभूत बाबींत. एल्कची शिकार ही बाहेरून येणाऱ्यासाठी करमणूक आहे, तिच्यात पंचवीस पट फरक ठेवला तरी देशाच्या एकतेला बाध येत नाही.

याच्या शेजारी १९४८चा टूमर विरुद्ध विट्सेल हा निकाल ठेवून पाहा. दक्षिण कॅरोलिनानं कोळंबी धरणाऱ्या बोटींवर शुल्क लावलं होतं. राज्यातल्या बोटीला २५ डॉलर, बाहेरच्या बोटीला २,५०० डॉलर. न्यायालयानं ते रद्द केलं, कारण जॉर्जियाच्या कोळ्यांचं पोट त्यावर होतं. पोटाचा प्रश्न असेल तर भेद नको, छंदाचा असेल तर चालेल. रेघ स्पष्ट आहे, पण ती मला पटत नाही. वर्षभर वेल्डिंगच्या ठिणग्यांत उभा राहणारा माणूस दहा दिवस भावांबरोबर डोंगरात जातो आणि घरी वर्षाचं मांस आणतो, त्याच्या या दहा दिवसांना निव्वळ करमणूक म्हणून बाजूला सारता येतं का? न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मत लिहिलं, ते मला जवळचं वाटतं. एल्क कमी होत असतील तर ते बाहेरच्यांमुळेच होतात, असं मोंटानानं कुठं दाखवलं आहे, असा त्यांचा रोख होता.

पुढं ॲरिझोनानं बाहेरच्यांना नर एल्कचे दहा टक्क्यांहून अधिक परवाने द्यायचे नाहीत असं ठरवलं, तेव्हा आंतरराज्य व्यापाराच्या कलमाखाली दाद मागितली गेली आणि काही काळ बाहेरच्यांची बाजू वर आली. लगेच २००५ साली अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड यांच्या पुढाकारानं, कायदाच केला की शिकार आणि मासेमारीत राज्यांनी रहिवासी आणि परके यांच्यात भेद करणं योग्य आहे. न्यायालयाचं दार तिथं बंद झालं. उरलं ते विधिमंडळ. तिथं परक्याला मत नाही.

आता पैसा कुठं जातो ते पाहू, कारण इथं तिथल्या व्यवस्थेचं मोठेपणही दिसतं. १९३७ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पिटमन-रॉबर्टसन कायद्यावर सही केली. रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर थेट वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना वाटला जातो. अट अशी, की राज्यानं परवान्याचा पैसा दुसऱ्या कुठल्याही कामाला वळवायचा नाही. वाटणी निम्मी राज्याच्या क्षेत्रफळावर आणि निम्मी परवानाधारकांच्या संख्येवर. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेत सुमारे दहा लाख एल्क होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते एक लाखाहूनही कमी उरले होते. ही वाढ बऱ्याच अंशी या कराच्या आणि परवान्याच्या पैशातून उभी राहिली आहे. मोंटाना, वायोमिंगसारख्या कमी वस्तीच्या राज्यांत तर परवान्याच्या उत्पन्नात निम्म्याहून मोठा वाटा परराज्यातल्यांचा आहे. रखवालदाराचा पगार, गणतीची विमानं, हिवाळी चराऊ रानं हे सगळं मोठ्या प्रमाणावर परक्याच्या पैशावर चालतं.

म्हणून दरवाढ होते तेव्हा कारण खरंच असतं. महागाई वाढते, वन्यजीव खात्याचा खर्च वाढतो. पण खड्डा भरायचा कुणाच्या खिशातून, हा निर्णय दरवेळी एकाच दिशेनं जातो. आयडाहोनं २०२१च्या हंगामापासून परक्याचा एल्क टॅग ४१६.७५ डॉलरवरून ६५१.७५वर नेला, हरणाचा ३०१.७५वरून ३५१.७५वर, आणि त्याखेरीज १८५ डॉलरचा मूळ परवाना. रहिवाशाचा एल्क टॅग ४० डॉलरच्या आतबाहेर राहिला. टेक्सासात साधा शिकार परवाना रहिवाशाला २५ डॉलर, बाहेरच्याला ३१५.

आयडाहोत परक्यांच्या टॅगांची संख्याही बांधलेली. बरीच वर्षं डिसेंबरच्या पहिल्या तारखेला सकाळी विक्री सुरू व्हायची. पहिल्या येणाऱ्याला पहिला टॅग. हजारो लोक देशभरातून संगणकासमोर रांगेत, पडद्यावर आपला क्रमांक सरकताना पाहत. आपल्या म्हाडाच्या सोडतीला जसं अख्खं घर डोळे लावून बसतं, तसंच. शेवटी ती रीत मोडून २०२६च्या हंगामापासून सोडत आणली. मला हा बदल चांगला वाटतो. सोडत गरीब-श्रीमंत पाहत नाही.

स्थानिकांचं म्हणणं मी टाळून पुढं गेलो तर गुरुजींच्या शिकवणीशी बेइमानी होईल. मोंटानात मी पाच-सहा वेळा राहून आलो. बोझमनच्या आसपास घरांच्या किमती अशा चढल्या आहेत की तिथं जन्मलेल्या मुलाला तिथं घर घेणं परवडत नाही. हिवाळ्यात एल्कचे कळप उतरून येतात आणि पशुपालकाच्या गवताच्या गंजी फस्त करतात. कुंपणं मोडतात, गुरांना ब्रुसेलोसिसची लागण होण्याची भीती असते. हा त्रास रहिवासी बारा महिने सोसतो आणि ऑक्टोबरात बाहेरच्या नंबरप्लेटच्या गाड्यांनी रस्त्याकडेच्या जागा भरून जातात. एका माणसानं मला सांगितलं, त्याचा मुलगा बारा वर्षांचा झाल्यापासून ज्या दरीत दोघे जातात तिथं आता सकाळी पाच वाजता आठ दिवे दिसतात. त्याला माझ्या शेजाऱ्याचा राग नव्हता, पण त्याला ती दरी परत हवी होती.

ही तक्रार खरी आहे. म्हणून काही फरक असावा, तो मला मान्य आहे. अमेरिकेतली सरकारी विद्यापीठंसुद्धा परराज्यातल्या विद्यार्थ्याकडून जास्त फी घेतात. आपल्याकडे राज्याच्या कोट्यातल्या एम.बी.बी.एस. प्रवेशाला डोमिसाइलचा दाखला लागतोच. रहिवाशाला आधी वाढा, यात अन्याय नाही. गर्दी हटवायची असेल तर टॅग कमी करा. संख्या कमी करणं हे दरवाढीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे, कारण त्यात गाळला जाणारा माणूस चिठ्ठीनं गाळला जातो, बँकेच्या पासबुकानं नाही.

वायोमिंगनं निवडलेला मार्ग मला सलतो. तिथं परक्यांच्या एल्क परवान्यांचे दोन भाग केलेले आहेत. साठ टक्के साध्या दराचे, चाळीस टक्के ‘विशेष’ दराचे. जनावर तेच, मुदत तीच. विशेष दराच्या सोडतीत अर्जदार कमी असतात म्हणून नंबर लागण्याची आशा जास्त, एवढाच फरक. साधा दर ६९२ डॉलर. विशेष दर १,२६८ होता, तो २०२४पासून १,९५० झाला. हरीण आणि प्राँगहॉर्न (तिथलं काळविटासारखं जनावर) यांचा विशेष दर सहाशेच्या घरातून १,२००. म्हणजे रांग ठेवायची आणि शेजारी पैसेवाल्यांची छोटी रांग ठेवायची. देवस्थानांत व्ही.आय.पी. दर्शनाची खिडकी उघडली तेव्हा आपल्याकडे किती जणांना ते खटकलं होतं, आठवा. शिवाय ज्याचा नंबर लागला नाही त्यानं दरवर्षी निव्वळ एका ‘पॉइंट’साठी पैसे भरायचे, एल्कसाठी ५२ डॉलर. पॉइंट साठवणारे वाढत जातात, तसा चांगल्या भागासाठी लागणारा पॉइंटांचा आकडाही पुढं सरकत राहतो. याला तिथले लोक ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. माणूस चालतो आहे आणि दार मागं मागं जातं आहे.

या रस्त्यानं गेलं की पुढं लिलाव येतो. मोंटानानं बिगहॉर्न मेंढ्याचा एक परवाना दरवर्षी लिलावात ठेवला. २०१३ साली तो ४ लाख ८० हजार डॉलरला गेला. पैसा मेंढ्यांच्याच संवर्धनाला गेला, हे मान्य. पण ज्या देशानं राजाची शिकार मोडून काढली, त्या देशात एक मेंढा पुन्हा राजापुरता राखला गेला.

वायोमिंगची आणखी एक अट आहे. राष्ट्रीय वनातल्या ‘वाइल्डरनेस’ म्हणून घोषित भागात परक्याला मोठ्या जनावराची शिकार करायची तर परवानाधारक गाइड किंवा राज्याचा रहिवासी सोबत पाहिजे. तिथं एकट्यानं चालायला, मासे धरायला, मुक्काम करायला बंदी नाही. सुरक्षिततेचं कारण सांगतात, ते मला लागू वाटत नाही. रहिवासी एकटा गेला तर अस्वलाला त्याचा पत्ता कसा कळतो? गाइडचे पैसे धरले की परवान्याचा आकडा किरकोळ वाटू लागतो.

आता एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण या विषयात इतकं बोलकं दुसरं काही मला सापडलं नाही. वायोमिंगमध्ये एल्क माउंटन नावाचा डोंगर आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना जमिनी दिल्या त्या बुद्धिबळाच्या पटासारख्या, एक चौकट कंपनीची, एक सरकारची. आज त्यांतल्या बऱ्याच खाजगी चौकटी धनिकांकडे आहेत आणि सरकारी चौकटी फक्त कोपऱ्यांनी एकमेकींना टेकतात. सरकारी चौकटीतून दुसऱ्या सरकारी चौकटीत जायचं तर कोपऱ्यावरून पाऊल टाकावं लागतं आणि खांदा क्षणभर खाजगी हवेतून जातो. २०२१ साली मिसुरी राज्यातून चार शिकारी आले. रीतसर परवाने काढलेले. त्यांनी बरोबर एक लोखंडी शिडी आणली होती, दोन पायांची, चिमट्यासारखी. कोपऱ्यावरच्या खांबांवरून ती उभी केली, एका सरकारी जमिनीतून चढले आणि दुसऱ्या सरकारी जमिनीत उतरले. खाजगी मातीला बूट लागला नाही.

त्यांच्यावर अतिक्रमणाचा फौजदारी खटला झाला. स्थानिक ज्यूरीनं २०२२ साली त्यांना निर्दोष सोडलं. तिथल्या खाजगी चौकटींच्या मालकानं लाखो डॉलरच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. २०२३ साली संघीय न्यायालयात शिकारी जिंकले, मार्च २०२५मध्ये अपील न्यायालयानं तोच निकाल कायम केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं प्रकरणात हात घालायला नकार दिला. या निकालानं त्या अपील न्यायालयाच्या हद्दीत अडकून पडलेल्या कितीतरी सार्वजनिक जमिनीचा रस्ता मोकळा झाला. तो मोकळा झाला वायोमिंगच्या रहिवाशांसाठीही. चार परक्यांनी, जे एरवी जास्त दराचे गिऱ्हाईक एवढेच मोजले जातात, रहिवाशांच्या हक्काची लढाई चार वर्षं लढली.

म्हणून मी म्हणतो, परका शिकारी हा त्या एल्कच्या भवितव्याचा भागीदार आहे, त्याला नुसता उत्पन्नाचा स्रोत म्हणू नका. विमानानं येऊन गाइडच्या घोड्यावर बसून जाणारे राहतीलच, त्यांना १,९५० काय आणि चार हजार काय. गळतील ते ट्रकनं येणारे, तंबूत राहणारे, मुलाला बरोबर आणणारे. उद्या कुणी राष्ट्रीय वनं विकायला काढली, आणि तसे प्रयत्न अमेरिकेत अधूनमधून होतात, तर मिनेसोटा, मिसुरी, ओहायोतले खासदार ती वाचवायला का उभे राहतील? त्यांच्या मतदाराचा त्या रानाशी संबंध उरला असेल तरच.

माझी मागणी मोठी नाही. फरक ठेवा, पण त्याचं प्रमाण कायद्यानं बांधा, म्हणजे परक्याचा दर वाढवताना रहिवाशाचाही थोडा वाढवावा लागेल आणि हात आपोआप आवरेल. विशेष दराची खिडकी बंद करा. वन्यजीवांचं धोरण ठरवणाऱ्या राज्य आयोगाच्या बैठकीत दराचा विषय असेल त्या दिवशी तरी परराज्यातल्या परवानाधारकांचा एक आवाज असू द्या. मत देऊ नका हवं तर, खुर्ची द्या.

माझ्या शेजाऱ्याचं काय झालं, तेवढं सांगून थांबतो. २०११ साली तिघांपैकी दोघे गेले, एकानं माघार घेतली. पुढल्या वर्षी कुणीच गेलं नाही. मधला भाऊ नंतर वारला. शेजाऱ्यानं मोंटाना सोडून वायोमिंगचे पॉइंट साठवायला सुरुवात केली, दरवर्षी न चुकता. आता तो सत्तरीत आहे, गुडघा दुखतो, आणि पॉइंट पुरेसे झाले आहेत असं त्याला वाटतं. संगणकावरचा अर्ज तो माझ्याकडून भरून घेतो. मुदत फेब्रुवारीच्या आरंभी संपते. या खेपेला अर्ज भरताना दराच्या रकान्यापाशी मी थांबलो आणि म्हटलं, ‘विशेष घेऊ या का? वरचे पैसे मी घालतो, तुझ्या घरी मी इतकी वर्षं जेवलो आहे.’ तो फ्रीझरच्या वरच्या भिंतीकडं पाहत होता. खाच पाडलेले टॅग अजून तिथंच आहेत, शेवटचा २०१०चा.

‘साधाच भर,’ तो म्हणाला. ‘सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहतो.’